क्री लोकांच्या गोष्टी आणि फ्रीडा अहेनाक्यू : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या गल्लीतल्या छोट्या बालवाचनालयात दर शनिवारी मी मुलांना गोष्टी सांगते. चिमणी-कावळा झाले, चल रे भोपळ्या झालं, मग एकदा कॅनडातल्या क्री लोकांची, डोळे मिटून नाचणाऱ्या बदकांची गोष्ट सांगितली. मुलं खिदळून घरी गेली आणि पुढच्या शनिवारी आया, आज्या प्रश्न घेऊन आल्या. एका आजोबांनी तर प्रश्न वहीत क्रमांक घालून आणले होते. तेच तेच प्रश्न आजही येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवते.

फ्रीडा अहेनाक्यू कोण?

क्री भाषेच्या शिक्षिका. जन्म १९३२, कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतातल्या अहताहकाकूप या क्री वसाहतीत. वसाहतीला ज्या प्रमुखाचं नाव आहे, त्याने १८७६ साली ब्रिटिश राजसत्तेशी जमिनीबाबत झालेल्या 'सहाव्या करारा'वर सही केली होती. फ्रीडाबाईंना बारा मुलं. बारा. संसार सांभाळून, मुलं शाळेत जाण्याच्या वयात असतानाच त्या स्वतः पुन्हा शाळेत गेल्या, शिक्षिका झाल्या, १९८४ साली मॅनिटोबा विद्यापीठातून भाषाशास्त्रात एम.ए. झाल्या, आणि पुढे सस्कॅचेवान आणि मॅनिटोबा अशा दोन्ही विद्यापीठांत शिकवलं. १९९८ साली त्यांना 'ऑर्डर ऑफ कॅनडा' हा राष्ट्रीय सन्मान मिळाला. २०११ साली त्या गेल्या.

मी त्यांना 'फ्रीडाबाई' म्हणते. शाळेतल्या बाईंना आपण दुसरं काय म्हणणार?

क्री म्हणजे नेमके कोण? 'रेड इंडियन'च ना?

तो शब्द सोडून द्यायचा. तिकडे तो आता अपमानाचा मानतात. कॅनडातल्या मूळ रहिवाशांचे तीन मोठे गट : फर्स्ट नेशन्स, इनुइट आणि मेटी. क्री हे फर्स्ट नेशन्सपैकी सर्वांत मोठ्या समाजांत मोडतात. पूर्वेला क्वेबेकमधल्या जेम्स उपसागरापासून पश्चिमेला अल्बर्टापर्यंत त्यांची वस्ती पसरली आहे. 'क्री' हे नाव फ्रेंचांनी वापरलेल्या एका लांबलचक नावाचा तुकडा. मैदानी भागातले क्री स्वतःला 'नेहियावक' म्हणतात.

इतक्या लांब पसरलेली भाषा बारा कोसांवर बदलणारच. 'मी' हा एकच शब्द घ्या. मैदानी क्री म्हणतात 'निया', जंगलातले 'निथा', दलदलीच्या भागातले 'निना', मूस नदीकडचे 'निला' आणि क्वेबेकमधले आतिकामेक 'निरा'. एका व्यंजनावरून माणूस कुठला ते कळतं. फ्रीडाबाई 'निया' म्हणणाऱ्या.

बदकांच्या गोष्टीतला तो वीसाहकेचाहक कोण? देव की लबाड?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि माझ्या आवडीचाही.

तो दोन्ही आहे. महापुरानंतर पृथ्वी पुन्हा घडवली त्यानेच. सगळीकडे पाणीच पाणी, तराफ्यावर तो आणि उरलेसुरले प्राणी. तळाची चिमूटभर माती हवी होती. मोठे, तरबेज पोहणारे बुडी मारून हरले. शेवटी वचस्क, म्हणजे मस्करॅट, हा पाणथळीतला घुशीएवढा प्राणी खाली गेला. वर आला तेव्हा जीव जवळजवळ गेलेला, पण पंज्यात चिखल होता. त्या चिखलावर फुंकर घालून वीसाहकेचाहकने जमीन वाढवली.

आणि हाच वीसाहकेचाहक दुसऱ्या गोष्टीत आपल्याच पार्श्वभागाशी भांडतो, आपल्याच जखमेची खपली खातो. हावरट, बढाईखोर, शहाणा, दयाळू, मूर्ख, सगळं एकाच अंगात. इंग्रजी पुस्तकं त्याला 'ट्रिकस्टर', म्हणजे खोडकर लबाड, म्हणून मोकळी होतात. मला तो शब्द तोकडा वाटतो. क्री माणसं त्याला काय म्हणतात ते बघा : 'किस्तेसिनाव', आपला थोरला भाऊ. गोष्टींत तो बदकांना, झाडांना, अस्वलांना हाक मारतो 'निसीमितिक', म्हणजे 'माझ्या धाकट्या भावंडांनो'. आणि लगेच त्या भावंडांच्या माना मुरगळायला निघतो. घरात थोरला दादा असलेल्या कोणालाही हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

मी 'आपला' लिहिलं, 'आमचा' नाही, ते मुद्दाम. क्रीमध्ये ऐकणाऱ्याला धरून 'आपण' आणि त्याला वगळून 'आम्ही' असा भेद आहे, अगदी मराठीसारखा. 'किस्तेसिनाव' मधला भाऊ ऐकणाऱ्याचाही आहे. इंग्रजीत हे सांगायला 'अवर' हा एकच शब्द, त्यात सगळा भेद वाहून जातो. मराठीत तो जसाच्या तसा उतरतो, आणि मला त्याचा उगीचच अभिमान वाटतो.

बदकांची गोष्ट लिहून द्याल का? मुलगी रोज मागते.

सांगाडा देते. पूर्ण का देत नाही ते पुढच्या एका उत्तरात आहे.

वीसाहकेचाहक भुकेला आहे. (तो नेहमीच असतो.) पाठीवर गाठोडं बांधून तळ्याकाठी येतो. बदकं, क्रीमध्ये 'सीसीप', विचारतात, "दादा, पाठीवर काय?" तो म्हणतो, "गाणी." गाणी म्हटल्यावर कोण थांबतं? तो एक मांडव घालतो, सगळ्या पाणपक्ष्यांना आत घेतो आणि सांगतो की हे गाणं डोळे मिटून नाचायचं आहे. गाणं सुरू होतं, एकेकाची मान मुरगळली जाते, ढोलाच्या आवाजात कळत नाही. शेवटी एक लून पक्षी एक डोळा किलकिला करतो आणि ओरडतो. पळापळ होते. दारातून निसटणाऱ्या लूनला वीसाहकेचाहक मागून अशी लाथ घालतो की त्याचे पाय कायमचे शेपटीकडे सरकतात. लूनचे पाय खरोखरच इतके मागे असतात की जमिनीवर त्याला धड चालता येत नाही. पाण्यात मात्र तो राजा. काही घरांत लूनऐवजी दुसरा पाणपक्षी असतो.

पुढे तो बदकं निखाऱ्यात पुरून झोपतो आणि पार्श्वभागाला राखणीला बसवतो. पार्श्वभाग दोनदा खोटा इशारा देतो, तिसऱ्यांदा खरा देतो तेव्हा हा उठत नाही. लांडगा आला रे आला, फक्त ओरडणारा अवयव वेगळा. प्राणी येऊन सगळं फस्त करतात आणि पाय तेवढे वाळूत परत खोचून ठेवतात. जागा झालेला वीसाहकेचाहक एकेक पाय उपटतो तेव्हा पोरांचं हसू थांबवणं अशक्य होतं. रागाने तो पार्श्वभागाला तापल्या दगडावर बसवून शिक्षा करतो. दुखतं अर्थातच त्यालाच. त्या जखमेच्या खपल्या खडकावर पडतात, त्यांचं दगडफूल होतं. आपल्या गोड्या मसाल्यातलं दगडफूल आणि हे एकाच कुळातलं, शेवाळ आणि बुरशीने मिळून केलेला संसार. उत्तरेत दुष्काळात माणसं ते उकडून खात आणि जीव वाचवत. म्हणजे थोरल्या भावाच्या मूर्खपणातूनही धाकट्यांच्या पोटाची सोय झाली.

पार्श्वभाग, खपल्या... हे मुलांना सांगण्यासारखं आहे का?

हा प्रश्न मिशनऱ्यांनाही पडला होता. त्यांना या गोष्टी असभ्य वाटल्या, आणि बऱ्याच छापील संग्रहांत ते भाग गाळले गेले किंवा गुळमुळीत झाले.

माझं उत्तर : सात वर्षांच्या मुलापुढे 'ढुंगण' हा शब्द उच्चारून बघा. गोष्ट त्याच्या लक्षात राहील, आणि गोष्टीबरोबर लूनचे पाय, खडकावरचं दगडफूल, निखाऱ्यात भाजण्याची रीत, सगळं राहील. विनोद हा या गोष्टींचा आकडा आहे, त्यावर बाकीचं अडकवलेलं असतं.

तरी सगळ्याच गोष्टी सगळ्या वयांना नाहीत, हे क्री आज्याही सांगतात. वीसाहकेचाहकच्या जन्माची, गडगडत पाठलाग करणाऱ्या मुंडक्याची गोष्ट भयंकर आहे. ते मुंडकं त्याच्या आईचं असतं. माणसं खाणाऱ्या वीहतिको राक्षसाचीही तशीच. ती मी शनिवारी सांगत नाही.

या गोष्टी फक्त हिवाळ्यात सांगतात असं ऐकलं. खरं का?

खरं. आणि इथे माझी चूक कबूल करते. बदकांची गोष्ट मी पहिल्यांदा सांगितली ती मे महिन्याच्या सुट्टीत, पंखे गरगरत असताना.

क्री लोक गोष्टींचे दोन प्रकार मानतात. 'आचिमोविन' म्हणजे घडलेली हकिकत, आठवण, बातमी, ती कधीही सांगावी. 'आतयोहकेविन' म्हणजे पुराणकाळातली पवित्र गोष्ट, वीसाहकेचाहक वगैरेंची. ती बर्फ जमिनीवर असेपर्यंतच. उन्हाळ्यात शिकार, मासेमारी, बोरं गोळा करणं यांतून कोणाला उसंत नसते, हे एक व्यवहारी कारण. दुसरं असं की त्या गोष्टींतली पात्रं मेलेली नाहीत. त्यांचं नाव काढलं की ती ऐकतात, म्हणून जमीन आणि पाणी झोपलेलं असतानाच बोलावं.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. श्रावणातल्या शुक्रवारची कहाणी कोणी माघात वाचत बसत नाही. गोष्टीला ऋतू असतो हे आपण विसरलो आहोत, इतकंच.

म्हणून वर फक्त सांगाडा दिला. तुम्ही हे पान कोणत्या महिन्यात उघडाल ते मला माहीत नाही. आता मी या गोष्टी डिसेंबर-जानेवारीत सांगते. पुण्यात बर्फ कुठला, पण हुरड्याचे दिवस असतात. तेवढी तडजोड थोरला भाऊ चालवून घेईल अशी आशा आहे.

गोष्टी 'वाचवायची' वेळ का आली? आजी सांगायची, नातवंडं ऐकायची, एवढंच तर होतं.

कारण नातवंडं घरात नव्हती.

एकोणिसाव्या शतकापासून कॅनडा सरकार आणि चर्च यांनी मिळून निवासी शाळा चालवल्या. मुलांना घरातून नेऊन तिथे ठेवायचं, केस कापायचे, नाव बदलायचं, मातृभाषा बोलली तर मारायचं. दीड लाखांहून जास्त मुलं या शाळांतून गेली. हजारो परत आली नाहीत. शेवटच्या शाळा १९९०च्या दशकात बंद झाल्या. जून २००८ मध्ये पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली, आणि सत्यशोधन व सामंजस्य आयोगाने २०१५ साली ९४ शिफारसी केल्या. त्यांत मूळ रहिवाशांच्या भाषांबद्दलच्याही आहेत. त्या भाषांसाठीचा कायदा २०१९ साली आला.

आता गोष्टींचा हिशोब करा. मूल सप्टेंबरात जायचं, जूनमध्ये परत यायचं. म्हणजे नेमका हिवाळा शाळेत. ज्या महिन्यांत आतयोहकेविन सांगायची मुभा, त्या महिन्यांत ऐकणारं घरात नाही, आणि ते घरी असतं तेव्हा सांगायची बंदी. वळून घरी आलेल्या मुलाला आजीची भाषाही अर्धीच कळायची. हे गणित माझ्या लक्षात आलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

मग फ्रीडाबाईंनी वेगळं काय केलं? गोष्टी तर आधीही गोळा झाल्या होत्या.

झाल्या होत्या. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ लिओनार्ड ब्लूमफिल्ड १९२५ च्या उन्हाळ्यात सस्कॅचेवानमधल्या स्वीट ग्रास वसाहतीत जाऊन बसला, म्हाताऱ्यांकडून क्रीमध्ये गोष्टी ऐकून शब्दन् शब्द उतरवून घेतला आणि पुढे दोन जाड ग्रंथ छापले. (हा ब्लूमफिल्ड पाणिनीचा भक्त. अष्टाध्यायीला त्याने मानवी बुद्धीच्या थोर स्मारकांत गणलं आहे, आणि अमेरिकेतल्या मूळ भाषांचं व्याकरण लिहिताना पाणिनीची रीत समोर ठेवली. पाणिनी असा आडवळणाने सस्कॅचेवानला पोहोचला.) फ्रीडाबाईंच्याच वसाहतीतले धर्मगुरू एडवर्ड अहेनाक्यू यांनी १९२९ साली वीसाहकेचाहकच्या गोष्टी एका अमेरिकन लोककथा-नियतकालिकात छापल्या, पण इंग्रजीत.

म्हणजे गोष्टी कागदावर होत्या. पण तो कागद विद्यापीठांच्या कपाटात होता. क्री मूल तो वाचू शकत नव्हतं, आणि शाळेत क्री शिकवली जायची ती 'हे काय आहे? हे बदक आहे' अशा सुट्या वाक्यांनी.

फ्रीडाबाईंच्या प्रबंधाचा विषयच होता : व्याकरण शिकवायचं ते अख्ख्या गोष्टीतून. त्यांची पद्धत त्यांनी आधी वर्गात वापरली, मग लिहिली. क्रीमध्ये क्रियापद हा राजा. कर्ता कोण, कर्म कोण, ते सजीव की निर्जीव, हे सगळं क्रियापदाच्या पोटात असतं. शिवाय सजीव-निर्जीव हे वर्गीकरण आपल्या पुल्लिंग-स्त्रीलिंगासारखं शब्दाला चिकटलेलं. दगड, 'असिनी', हा सजीव. हे तक्त्यातून पाठ करायला गेलं तर मूल दुसऱ्या दिवशी विसरतं. पण वीसाहकेचाहक दगडाशी बोलतोय असं ऐकलं की ते आपोआप बसतं. गोष्ट आधी, नियम नंतर.

आणि विद्यार्थ्यांनी नुसतं ऐकायचं नाही. आपापल्या घरी ऐकलेली गोष्ट क्रीमध्ये लिहून आणायची. ज्यांना वाटत होतं की आपल्याला भाषा येत नाही, ते लेखक झाले. मला त्यांच्या सगळ्या कामात हे सर्वांत मोलाचं वाटतं, पदव्या आणि सन्मानांहून कितीतरी. संग्राहक गोष्ट वाचवतो. फ्रीडाबाई गोष्ट सांगणारे तयार करत होत्या.

मुलांसाठीची पुस्तकं कोणती?

क्री शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी लिहिलेल्या गोष्टींतूनच दोन चित्रपुस्तकं निघाली, १९८८ साली, सस्कॅचेवानमधल्या सास्काटून शहरातून. संपादन आणि भाषांतर फ्रीडाबाईंचं, चित्रं जॉर्ज लिटलचाइल्ड या मैदानी क्री चित्रकाराची.

एकात उंदराचे दात तपकिरी का, ते आहे. एक मुलगा फासा लावतो आणि त्यात चक्क सूर्य अडकतो. अंधार होतो. फासा तोडायला मोठे प्राणी जातात, उष्णतेने माघारी फिरतात. शेवटी उंदीर कुरतडतो, सूर्य सुटतो, पण उंदराचे दात करपतात. दुसऱ्यात बर्चच्या झाडाला पट्टे का, ते. बर्च म्हणजे आपल्या भूर्जपत्राच्या भूर्जाचा भाऊबंद. झाडं वीसाहकेचाहकला धरून ठेवतात, तोवर त्याचं जेवण दुसरे खातात, आणि सुटल्यावर तो फोकाने झाडाला बडवतो. दोन्हींत मोठ्याच्या चुकीची खूण लहानाच्या अंगावर राहते, हे बघितलंत?

तिसरं पुस्तक वेगळ्या जातीचं. १९९१ साली आलेलं, ग्लेशिया बेअर या आजींनी सांगितलेलं, लहानपणी दोघी बहिणी रानात वाट चुकल्या त्याची हकिकत. म्हणजे हे आचिमोविन, ऋतूचं बंधन नसलेलं. क्री आणि इंग्रजी दोन्हींत. फ्रीडाबाईंनी विनिपेगचे भाषाशास्त्रज्ञ एच. सी. वुल्फार्ट यांच्याबरोबर अशा सात आज्यांच्या आठवणींचं मोठं पुस्तकही केलं, १९९२ साली. त्यात ससे पकडणं, बाळंतपण, निखाऱ्यावरची भाकर असलं सगळं आहे, आणि आज्यांनी जसं सांगितलं तसंच, अडखळणं आणि हसणंसुद्धा ठेवून. आपल्याकडे आजीचं बोलणं छापताना आधी 'प्रमाण' करून घ्यायची खोड आहे. ती मोडायची असेल तर हे पुस्तक बघावं.

क्री लिपी देवनागरीवरून आली म्हणतात. थाप आहे ना?

थाप नाही, पण थोडं जपून बोलायला हवं.

क्रीला स्वतःची लिपी आहे. जेम्स एव्हान्स या मिशनऱ्याने १८४० साली मॅनिटोबातल्या नॉर्वे हाउसमध्ये ती छापायला सुरुवात केली. चहाच्या पेट्यांतलं शिसं वितळवून खिळे पाडले, काजळी आणि माशाच्या तेलाची शाई केली असं सांगतात. अक्षराचा आकार व्यंजन दाखवतो आणि त्याचं तोंड कुठे आहे त्यावरून स्वर कळतो. एक साधं टोक घ्या : टोक खाली असेल तर 'पे', वर असेल तर 'पी', उजवीकडे 'पो', डावीकडे 'पा'. एका अक्षरात व्यंजन आणि स्वर एकत्र बांधायची ही कल्पना, आणि काही आकार, एव्हान्सने देवनागरीवरून आणि पिटमनच्या लघुलिपीवरून घेतले असं अभ्यासक मानतात. आपली बाराखडी फिरकी घेऊन हडसन उपसागराच्या बाजूला गेली म्हणायची.

क्री परंपरा मात्र वेगळं सांगते. मिस्तनास्कोवेव नावाच्या क्री माणसाला ही अक्षरं परलोकात मिळाली आणि त्याने ती आपल्या लोकांना शिकवली, मिशनऱ्याने नंतर उचलली. वाचनालयात मी दोन्ही सांगते. लिपी दहा वर्षांच्या आत मिशनऱ्यांच्याही पुढे धावत, एका तळावरून दुसऱ्या तळावर, भूर्जाच्या सालीवर कोळशाने लिहिली जात पसरली, याबद्दल वाद नाही.

फ्रीडाबाईंनी स्वतः लेखनासाठी रोमन अक्षरांची पक्की, प्रमाण पद्धत वापरली. मैदानी क्रीला दहा व्यंजनं आणि सात स्वर पुरतात, आणि ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर अर्थ बदलतो. दीर्घ स्वराच्या डोक्यावर टोपी असते. ऱ्हस्व-दीर्घावरून आयुष्यभर लाल शाई सोसलेल्या मराठी माणसाने सहानुभूतीने वाचावं.

पुस्तकात छापली की तोंडी गोष्ट मरते, असं नाही का?

काही क्री वडीलधाऱ्यांनाही ही भीती आहे. छापील गोष्टीला एकच रूप उरतं. ती जुलैतही उघडता येते. आणि सांगणाऱ्याचा चेहरा जातो.

फ्रीडाबाईंच्या पुस्तकांकडे मी उलट बाजूने बघते. ती वाचनासाठी जितकी आहेत तितकीच कोणीतरी मोठ्याने वाचावीत म्हणून आहेत. शाळेत क्री शिकवणारी तरुण शिक्षिका, जिची स्वतःची आजी तिला गोष्टी सांगू शकली नाही, तिच्या हातात आधार तर हवा. कुबडी आणि पाय यांत भांडण लावण्यात काय अर्थ?

तोंडी परंपरेच्या बाजूने काम करणारेही आहेत. ओंटारिओच्या उत्तर टोकाचे, हडसन उपसागराकाठचे लुई बर्ड (जन्म १९३४) यांनी काही दशकं गावोगावच्या म्हाताऱ्यांच्या गोष्टी टेपवर घेतल्या आणि स्वतः सांगितल्या. त्यांचं विनिस्क गाव १९८६ च्या पुरात वाहून गेलं आणि वस्ती पियावानकला हलली. घरं जाऊ शकतात हे पाहिलेल्या लोकांना टेपची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

आज क्री बोलणारे किती?

२०२१ च्या कॅनडाच्या जनगणनेत क्री भाषांपैकी एखादी बोलता येते असं सुमारे ८६ हजार लोकांनी सांगितलं. तिथल्या मूळ भाषांत हा सर्वांत मोठा आकडा. आपल्या एखाद्या छोट्या तालुक्याएवढा.

आम्ही या गोष्टी मराठीत सांगितल्या, छापल्या तर चालेल का?

वर्गात, घरात सांगताना निदान चार गोष्टी पाळाव्यात असं मला वाटतं. 'एका आदिवासी जमातीची गोष्ट' म्हणू नये, क्री लोकांची म्हणावं, आणि कुठली क्री तेही. सांगणाऱ्याचं नाव माहीत असेल तर घ्यावं. हिवाळ्यात सांगावी. आणि वीसाहकेचाहकला पंचा नेसवून आपला बिरबल करू नये.

छापायचं असेल तर प्रश्न वेगळा. गोष्ट जुनी असली तरी ती बेवारस नसते. तिकडची रीत अशी की वडीलधाऱ्यांकडे गोष्ट मागायला जाताना तंबाखू अर्पण करून विचारायचं, मग ते देतील किंवा नाही देतील. नाही म्हणणं हेही उत्तर असतं. त्यामुळे प्रकाशकांचं पत्र, लेखकाची परवानगी, हे तर हवंच. एका हौशी गृहस्थांनी माझ्याकडे "जुन्याच आहेत, कॉपीराइट कसला?" असा वाद घातला होता. त्यांना मी पुस्तक दिलं नाही.

आमची नातवंडं सास्काटूनला आहेत. त्यांना काय सांगू?

आधी हे सांगा की ती रोज क्री बोलतात. सास्काटून हे नाव 'मिसास्कवातोमिना' या क्री शब्दावरून आलं, तिथल्या जांभळ्या बोरांचं नाव. सस्कॅचेवान म्हणजे 'किसिस्काचिवन', वेगाने वाहणारी नदी. विनिपेग म्हणजे गढूळ पाणी. त्यांचं शहर सहाव्या करारातल्या भूमीवर आहे. शाळेत त्याचा उल्लेख होत असेल तर तो काय असतो ते नातवंडांनाच विचारा.

मग आजीसाठीचा शब्द शिकवा : 'नोहकोम' म्हणजे माझी आजी, 'कोहकोम' म्हणजे तुझी आजी. नुसती 'आजी' म्हणता येतच नाही, ती कोणाची तरी असावीच लागते. आणि व्हिडिओ कॉलवर त्यांना एक क्री गोष्ट शाळेतून ऐकून तुम्हाला सांगायला लावा, मराठीत. नोव्हेंबरनंतर. तिकडे तेव्हा बर्फ असतो, आणि संध्याकाळी पाच-साडेपाचलाच अंधार पडतो.